पावसात उघडी राहणारी खिडकी

आषाढात पेणच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात डोकावून बघा. ओळीने मूर्ती मांडलेल्या असतात. एखाद्या मूर्तीची सोंड अजून ओली, एखाद्या पाठीवर मातीचा काळपट ओलावा तसाच. भाद्रपद तोंडावर आलेला आणि बाहेर धो धो. शाडू वाळायचा तर वारा हवा, आणि त्याच वाऱ्याबरोबर पावसाची एक झड आत शिरली तर केलेलं काम वाया. हमरापूर, जोहे या गावांत घरोघर मूर्ती घडतात आणि घरोघर हाच पेच असतो: वारा आत घ्यायचा, पाऊस बाहेर ठेवायचा. मूर्तिकारांचं पोट त्यावर आहे म्हणून त्यांना तो अधिक जाणवतो, एवढंच. पेणपासून रोह्यापर्यंत राहणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला जूनपासून चार महिने तोच येतो. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही सरळ पडत नाही. नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा मारा करतो. पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांची झापं बांधली तरी ओल आत येतेच. कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, चपलांवर बुरशी धरते. अशा हवेत खिडक्या लावून घेऊन बसलेलं घर आतून कुजतं.

आमचं पेणचं घर नव्याने बांधायला काढलं तेव्हा ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात खिडक्यांपुढे ‘सरकत्या, ॲल्युमिनियम’ एवढेच दोन शब्द होते. हल्ली सगळीकडे तेच बसतं, त्याने वेगळं काय लिहायचं? मी कागद घेऊन हिशेब मांडला. राष्ट्रीय बांधकाम संहितेत उष्ण आणि दमट हवेच्या प्रदेशासाठी खिडक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या एक षष्ठांश असावं असा निकष आहे. १० बाय १२ च्या खोलीला २० चौरस फूट. तिथे ४ बाय ४ ची सरकती खिडकी बसवली तर ती मुळातच १६ चौरस फुटांची, आणि एक तावदान दुसऱ्यामागे सरकत असल्यामुळे उघडते निम्मी. हाती उरतात ८ चौरस फूट. पाऊस आडवा लागला की तेही बंद करावे लागतात, कारण खालच्या पन्हळीत पाणी साठून आत उतू येतं. म्हणजे वाऱ्याची सर्वांत जास्त गरज असते नेमक्या त्याच महिन्यांत ही खिडकी भिंत होऊन बसते.

आणि हा हिशेब मी जिथे बसून मांडत होते त्या जुन्या माजघरातली खिडकी भर जुलैत उघडी होती.

ती नीट बघावी असं तोवर कधी वाटलं नव्हतं. सागाची चौकट, चार झडपा: दोन वर, दोन खाली, मधे आडवी पट्टी. खालच्या लावून घेतल्या की रस्त्यावरून जाणाऱ्याला घरातलं दिसत नाही आणि अंगणातून उडणारे शिंतोडे आत येत नाहीत. वरच्या उघड्याच राहतात, कारण कौलांची वळचण दोन हात पुढे आलेली आहे आणि वरचा अर्धा भाग तिच्या आडोशाला येतो. पागोळ्या समोर पडत असतात आणि वारा त्यांच्यामागून घरात शिरतो. बाहेरच्या अंगाला चौकोनी लोखंडी गज, कोनावर वळवून बसवलेले. हे गज चौकट जोडायच्या आधीच ओवून घेतलेले असतात, त्यामुळे चौकट मोडल्याशिवाय एकही गज निघत नाही. झडपांना बिजागरी नाही. प्रत्येक झडपेची कडेची पट्टी वर आणि खाली बोटभर वाढवलेली आणि ती चौकटीतल्या उखळीत फिरते. वारा, पडदा, राखण, उजेड या चार कामांसाठी वेगवेगळे अवयव. एवढा विचार एका खिडकीत करून ठेवलेला आणि आम्ही तिला ‘जुनी’ म्हणून भंगारात काढणार होतो.

ती न मोडता उतरवावी म्हणून रोह्याहून एका मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी भिंतीतला चुना मोकळा केला, चौकट ओटीवर आडवी ठेवली आणि प्रत्येक कोपऱ्यावर बोट फिरवून लाकडी खुंट्या शोधल्या. मागच्या बाजूने हलक्या हाताने ठोकत एकेक खुंटी बाहेर काढली. शेवटची निघाल्यावर चौकटीच्या सगळ्या पट्ट्या सुट्या झाल्या. खिळा एकही नाही, सरस नाही. सांध्याच्या आतलं लाकूड तर कालच रंधलेलं असावं इतकं स्वच्छ निघालं. उभ्या पट्टीत आरपार भोक, आडव्या पट्टीच्या टोकाला त्यात बसणारं कुसू, आणि दोन्हींना छेदून जाणारी खुंटी. मिस्त्रींनी मला कुसवातलं खुंटीचं भोक दाखवलं. ते पट्टीच्या भोकासमोर नेमकं नव्हतं, केसभर आत सरकवलेलं होतं. खुंटी ठोकली की ती वाट काढताना कुसवाला आत ओढते आणि सांधा आवळला जातो.

“ज्यानं केली त्याला ठाऊक होतं, ताई, की ही कधीतरी उघडावी लागणार,” मिस्त्री म्हणाले. “म्हणून बंद करतानाच उघडायची सोय ठेवली.”

त्यानंतर मी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले. पेणहून दिव्याची गाडी पकडायची, कासू, नागोठणं करत रोह्याला उतरायचं आणि अष्टमीच्या अंगाला त्यांच्या कामाच्या पडवीत जायचं. सुरुवातीचा बराच काळ फक्त धार लावण्यात गेला. पटाशी दगडावर एकाच कोनात फिरवायची, मनगट हलू द्यायचं नाही. रंध्यातून सालपट अखंड निघेपर्यंत लाकडाला हात नाही. मग गुण्या लावून रेघ ओढणं, मग भोक पाडणं. “भोक आधी, कुसू मागनं. भोक मोठं झालं तर लहान करता येत नाही. कुसू बारीक करता येतं.” आखणी करून दोन्ही एकदम कापणाऱ्या यंत्राला हा क्रम पाळायची गरज नसते. पण हाताने काम करणाऱ्याचा सगळा सावधपणा या क्रमात आहे, आणि चार सांधे करून पाहिल्यावर तो बोटांना पटतो.

खरी शिकवण मात्र फळीपाशी झाली. झडपेच्या चौकटीत मधली फळी बसते ती चारी बाजूंनी खाचेत. मी सरसाची बाटली पुढे केली तर मिस्त्रींनी ती बाजूला ठेवायला लावली. फळीला सरस लावायचा नाही, खिळाही मारायचा नाही, खाचेत मोकळी सोडायची. कारण लाकूड मेल्यावरही हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. फुगतं आणि आकसतं ते रुंदीत. माघ-फाल्गुनातल्या कोरड्या हवेतून श्रावणातल्या दमटपणात जाताना फूटभर रुंद सागाची फळी २ ते ४ मिलिमीटर रुंदावते, आणि साग तर शांत लाकूड समजला जातो. फळी चारी बाजूंनी जखडली तर फुगताना ती चौकटीचे सांधे फोडते आणि आकसताना स्वतः चिरते. खाचेत मोकळी असली की आत-बाहेर करत राहते आणि बघणाऱ्याला कळतही नाही. कोकणातल्या दारा-खिडक्यांवर दिसणारी ती फळ्यांची नक्षीदार चौकडी मी तोवर शोभेची समजत होते. ती पावसाळ्यासाठी ठेवलेली मोकळीक आहे.

झडप बसवतानाही महिना बघायचा. उन्हाळ्याआधी बसवत असाल तर दोन झडपांमध्ये रुपयाचं नाणं सरकेल एवढी फट ठेवायची. श्रावणात बसवत असाल तर अंगाला अंग. मी ओलावा मोजायचं छोटं यंत्र विकत घेतलं होतं. लाकडात किती ओलावा चालेल हे भारतीय मानक २८७ मध्ये प्रदेशवार ठरवून दिलेलं आहे, तो तक्ताही मी मिस्त्रींना वाचून दाखवला. त्यांनी तो मन लावून ऐकला, मग एक पट्टी हातात तोलली, तिच्यावर टिचकी मारली आणि “हिला अजून एक उन्हाळा लागंल” म्हणून बाजूला ठेवली. यंत्राचा आकडाही तेच सांगत होता. आता ते माझ्याकडून यंत्र मागून घेतात आणि मी टिचकी मारून बघते.

जुनी खिडकी जशीच्या तशी नव्या घरात बसवून भागणार नव्हतं, हे दोघांनाही दिसत होतं. पहिली अडचण डासांची. पेणच्या एका अंगाला खारेपाट, दुसऱ्या अंगाला भातखाचरं. संध्याकाळी जाळीशिवाय खिडकी उघडी ठेवता येत नाही. आणि जुन्या खिडकीत जाळीला जागाच नाही. गज बाहेरच्या अंगाला, झडपा आत उघडणाऱ्या. आतून जाळी लावावी तर झडप उघडणार कुठे? बाहेरून लावावी तर गजांपलीकडची जाळी पुसणार कोण? या एका प्रश्नावर आमचा बराच खल झाला. शेवटी खिडकी उलटी फिरवली: झडपा बाहेर उघडणाऱ्या, गज मधे, जाळीची झडप आत उघडणारी. त्यासाठी चार इंची चौकट सहा इंची करावी लागली आणि तिला दोन्ही अंगांना खाच घ्यावी लागली. झडप ओढून घ्यायला हात बाहेर जावा म्हणून दोन गजांमधलं अंतर मुठीच्या मापाने धरलं.

या फिरवण्यातून एक फायदा आपसूक मिळाला. आत उघडणाऱ्या झडपेला वारा आत ढकलतो आणि फट रुंदावते. बाहेर उघडणारी झडप त्याच वाऱ्याने चौकटीवर दाबली जाते आणि पाणी तिच्या अंगावरून बाहेरच्या बाहेर ओघळतं. पण उघडी असताना तोच वारा तिला उपटू पाहतो, म्हणून प्रत्येक झडपेला भिंतीत अडकवायचा पितळी आकडा आला. उखळीत फिरणारी जुनी सोय इथे चालेना, तेव्हा बिजागऱ्याही पितळेच्या घेतल्या. खाऱ्या हवेत लोखंड गंजून फुगतं आणि लाकडाला चीर पाडतं; शिवाय ऐन-खैरासारख्या तुरट लाकडात लोखंडी खिळा मारला की त्याच्याभोवती काळा डाग उतरतो. उंबऱ्याला बाहेर उतार दिला आणि त्याच्या पोटातून, कडेपासून बोटभर आत, एक चर काढली. पाणी उंबऱ्याखालून भिंतीकडे सरपटत जाऊ लागलं की त्या चरीशी थांबतं आणि थेंबाने खाली पडतं. भिंतीत गाडल्या जाणाऱ्या अंगाला वाळवीसाठी डांबर, उघड्या अंगाला उकळलेलं जवसाचं तेल.

वरच्या झडपांना काच हवी होती, कारण खिडकी लावल्यावर जुन्या घरांत होणारा अंधार आता कुणालाच चालत नाही. काच मोठी भारी वस्तू आहे. ५ मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते आणि तिचं ओझं झडपेच्या खालच्या कोपऱ्यावर येऊन झडप लोंबायला लागते. म्हणून खालची आडवी पट्टी रुंद केली, कुसू लांब केलं आणि त्याला आडवी पाचर मारली. खालच्या झडपांना मात्र काच नाही. तिथे झिलमिली केल्या. तिरक्या खाचांत बसवलेल्या आडव्या पट्ट्या, एकीची कड दुसरीच्या खाली लपलेली. लावून घेतलेल्या असल्या तरी वारा खेळत राहतो आणि पाणी पायरी-पायरीने बाहेरच उतरतं. मुंबईच्या जुन्या चाळींत, बंगल्यांत या असत. माझ्या मते या भागातल्या खिडकीत हा सर्वांत मोलाचा अवयव आहे आणि तो सगळ्यांत आधी सोडून दिला गेला.

परंपरेत असा हात घालणं काहींना खटकेल. पण सुतार नेहमीच नव्या गरजेला वाट काढून देत आला आहे. गोव्यात काच दुर्मीळ होती तेव्हा सुतारांनी खिडक्यांच्या लाकडी जाळीत शिंपल्यांचे पातळ, पारभासक तुकडे सरकवून बसवले. उजेड गाळून आत येई आणि पाऊस बाहेर राही. आज आपण त्यांना पारंपरिक म्हणतो, पण ज्याने पहिल्यांदा शिंपला खाचेत सरकवून पाहिला त्याच्यापुढे प्रश्न त्या दिवसाचाच होता. सांधा तोच ठेवून खिडकी बदलणं ही या धंद्याची जुनीच रीत आहे.

मिस्त्रींनी एकाच गोष्टीवर हट्ट धरला. नकाशात सपाट छत होतं आणि खिडकीवर जेमतेम फूटभर छज्जा. तो बघून ते म्हणाले, “खिडकी मी करतो. पण वळचण कोण करणार?” मला उत्तर सुचेना. जुन्या खिडकीचं निम्मं यश तिच्या डोक्यावरच्या दोन हात वळचणीत होतं. ती कापून टाकून खालची खिडकी पावसात उघडी राहावी अशी अपेक्षा करणं अन्यायाचं होतं. नकाशा बदलला. छज्जा अडीच फुटांचा झाला आणि पश्चिमेला कौलारू पडवी आली. शिकायला गेले होते खिडकी, आणि ती करता करता घराचं डोकं बदललं.

बेडरूमच्या एका खिडकीला एसीसाठी वेगळी काळजी घ्यावी लागली: खाचेत रबराची पट्टी बसवायला चर, आणि झिलमिलींवर आतून सरकवायची एक बंद फळी. महामार्गाच्या बाजूला राहणाऱ्यांना धूळ आणि आवाजासाठीही तेवढंच करावं लागेल. पण ही बंद करायची सोय जास्तीची आहे, मूळची नव्हे, हे माझं मत ३ जून २०२० पासून पक्कं आहे. निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यासह रायगडच्या किनाऱ्यावर आलं. विजेचे खांब आडवे झाले आणि जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पंखा बंद, एसी बंद, आणि लगेच मागून पावसाळा. ज्यांच्या खिडक्या उघडत होत्या त्यांची घरं राहण्याजोगी राहिली. अशी वादळं अरबी समुद्रात पुन्हा येणार नाहीत असं कुणी म्हणत नाही.

लाकूड महाग आहे, हा आक्षेप रास्त आहे. साग, ऐन, किंजळ ही झाडं स्वतःच्या रानातली असली तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याप्रमाणे तोडायला परवानगी लागते, आणि ती लागावीच. ॲल्युमिनियमला वाळवी लागत नाही, ते दोन दिवसांत बसतं, आणि हातावर पोट असणाऱ्याने ते निवडलं तर त्याला दोष देता येणार नाही. पण ज्यांची ऐपत आहे त्यांच्यासाठी लाकडाचा एक मोठा साठा डोळ्यांदेखत संपतो आहे. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्यात मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी करायचं काम २०११ मध्ये सुरू झालं. रस्त्याकडेची कितीतरी जुनी घरं त्यात गेली, आणि आत गावांत ती आजही वाटण्यांमुळे, बिल्डरमुळे पडताहेत. त्यांचा साग वखारींत जातो. चौकटींत आरसे बसवून त्या अलिबागकडच्या फार्महाऊसच्या भिंतींवर टांगल्या जातात. ज्या चौकटीने शंभर पावसाळे अंगावर घेतले तिला कोरड्या भिंतीवर शोभेला टांगलेलं बघून मला वाईट वाटतं. ती अजून काम करू शकते. माझ्या नव्या खिडक्यांतल्या बहुतेक झडपा जुन्या घराच्या वाशांतून आणि दारांतून निघाल्या. फक्त चौकटींना नवं लाकूड घ्यावं लागलं, तेही काही ठिकाणी फणसाचं.

लाकूड मिळेल, पण हात मिळतील का, ही चिंता त्याहून मोठी आहे. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा धंद्यांत सुतार आहे, त्याला हत्यारांसाठी १५,००० रुपये मिळतात, कमी व्याजाने कर्ज मिळतं. हे चांगलंच आहे. पण मिस्त्रींच्या दोन्ही मुलांना हत्यारं चालवता येतात आणि दोघेही प्लायवूडची कपाटं करतात, कारण खिडकी कुणी सांगतच नाही. बलुतं होतं तेव्हा गाव सुताराला काम द्यायला बांधलेलं होतं. आता ते बांधलेपण उरलेलं नाही, आणि ती व्यवस्था परत यावी असंही कुणी म्हणणार नाही. पण काम देणं अजून आपल्याच हातात आहे.

म्हणून पेण-रोह्याकडे, किंवा कोकणात कुठेही, तुमचं जुनं घर पाडायला निघालं असेल तर जेसीबी येण्याआधी एक खिडकी खुंट्या काढून उतरवून घ्या. तिची मापं लिहून ठेवा, सांध्यांचे फोटो काढा, तिचं लाकूड वखारीला देऊ नका. आणि नव्या घरात सगळ्या नाही तरी पश्चिमेच्या एका खोलीच्या खिडक्या तुमच्या गावातल्या सुताराला सांगा. त्याच्याशी बसून डासांचं, काचेचं, वळचणीचं बोलून घ्या. काम माघाच्या आधी सांगा, लाकडाला वाळायला एक उन्हाळा लागतो.